शाळा सुटल्यावरचा खाऊ: नाशिक जिल्ह्यातले चार दिवस

गावातल्या मिठाईच्या दुकानाचं नाव काढलं की लोक पेढ्यापासून सुरुवात करतात आणि तिथंच चुकतात. पेढा पाहुण्यांचा, देवाचा, फार तर निकालाच्या दिवसाचा. दप्तर पाठीला मारून घरी निघालेल्या पोरांचा खाऊ निराळाच: गोडी शेव, रेवडी, बत्तासे, लिमलेटच्या गोळ्या. यात दुधाचा थेंब नाही. साखर नाहीतर गूळ, पाणी आणि विस्तव, एवढ्यावर सगळा कारभार. म्हणून त्या दुकानाची खरी विद्या पाकात असते, खव्यात नाही.

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात हा खाऊ कुठं कुठं अजून रोज बनतो ते बघत नाशिकहून निघून रावळगावपर्यंत गेलो. एसटीनं, कुठं वडापच्या जीपनं. मुक्काम दोन, एक निफाडकडे आणि एक मालेगावात.

पहिला दिवस: रविवार कारंजा ते भांडी बाजार

सकाळी सातला रविवार कारंज्यावर बोलताना तोंडातून वाफ निघत होती. जिलबी खायची तर हीच वेळ. नऊनंतर मिळते ती परातीत वाट बघत बसलेली असते.

भट्टीवरचा कारागीर घोळाच्या पातेल्यावर गोणपाट टाकून बसला होता. "थंडीत घोळ झोपतो," म्हणाला. उन्हाळ्यात मैदा आणि दही रात्री भिजवलं की सकाळी तयार. जानेवारीत त्याच घोळाला अठरा ते चोवीस तास लागतात, म्हणून आदल्या सकाळीच भिजवायचा आणि पातेलं निवत्या भट्टीच्या अंगाला ठेवायचं. त्याचं माप किलोभर मैद्याला पावशेर दही आणि मूठभर बेसन. झाऱ्यावरून सोडला की घोळ फितीसारखा सलग पडला पाहिजे. तुटून पडला तर घट्ट आहे आणि पाण्यासारखा धावला तर जिलबी कढईत पसरून चपटी होणार. घोळ जास्त आंबला तर आंबटपणा पाकालाही झाकता येत नाही. आंबलाच नाही तर नळ्या पोकळ होत नाहीत, मग पाक आत शिरायला जागाच उरत नाही.

पाक एकतारी. अंगठा आणि तर्जनीमध्ये थेंब धरून बोटं अलगद लांब करायची. एक तार निघून लगेच तुटली पाहिजे. पाक कोमट असतानाच जिलबी त्यात जाते. थंड पाकात ती मऊ पडते आणि दोनतारी पाकात वरच्या वर साखर धरून आतून कोरडी राहते. या कारागिरानं आमच्यासमोर तीन वेळा तार बघितली आणि तिसऱ्यांदा पळीभर गरम पाणी घातलं. भट्टीवर पाक सतत आटत असतो, त्यामुळे सकाळी सहाला जमलेला पाक आठला जमलेला असेलच असं नाही.

दुपारी भांडी बाजार. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी जुन्या नावाची. गोदाघाट एवढा जवळ की पूजेच्या तांब्यांसाठीच अर्धी गर्दी होती. आम्हाला हवी होती संक्रांतीच्या तिळाच्या हलव्यासाठी परात. दुकानदारानं स्टीलची परात मागं सरकवली आणि तांब्याची, आतून कल्हई केलेली, पुढं ठेवली. कारण साधं आहे. तांब्यात ऊब सगळीकडे सारखी पसरते. पातळ स्टीलमध्ये विस्तवाच्या वरचा भाग तेवढा तापतो आणि त्या टापूतले तीळ करपतात. सोबत एक सूचनाही मिळाली: कल्हई म्हणजे कथील, ते २३२ अंशांना वितळतं, तेव्हा कल्हईचं भांडं रिकामं विस्तवावर ठेवून गप्पा मारायच्या नाहीत.

जाणाऱ्यांसाठी: भांडी बाजारात दुपारी जा. सकाळी गल्ल्या अरुंद आणि यात्रेकरू जास्त असतात. तांब्या-पितळेची भांडी वजनावर मिळतात. कल्हई आतून एकसारखी रुपेरी दिसली पाहिजे. मध्येच लालसर डाग असेल तर तिथं कथील बसलेलंच नाही.

दुसरा दिवस: निफाड तालुका, पाटाच्या कडेनं

निफाड नाशिकपासून चाळीसएक किलोमीटर. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म इथला, १८४२ सालचा. तालुक्यातच नांदूर मध्यमेश्वर आहे, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेलं, आणि हिवाळ्यात तिथं पक्षी बघायला झुंबड असते. आम्ही पक्ष्यांकडे पाठ करून एका आडगावाला उतरलो. आभाळ भरून आलेलं. निफाडची थंडी म्हणजे द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवणारी थंडी, पण त्या दिवशी नुसता दमट गारवा होता. त्याचा त्रास पुढं सांगतो.

दुकान एसटी थांब्याच्या पाराला लागून. पत्र्याची पडवी, पुढं मातीची भट्टी, मागं अंधारी खोली, फळीवर काचेच्या सात बरण्या. मालकांना सगळं गाव नाना म्हणतं. चालवतात ते आणि काकू, मदतीला एक पुतण्या. दुकानाचं घड्याळ शाळेच्या घंटेवर लावलेलं. सकाळी भजी आणि चहा, दुपारी एकला भट्टी विझल्यासारखी, तीनला पुन्हा पेटते. कारण पाचला शाळा सुटते आणि गोडी शेव त्याआधी तासभर तरी निवलेली हवी.

शेव करताना पाहिली ती अशी. किलोभर बेसन, दोन पळ्या कडकडीत तेलाचं मोहन, चिमूटभर सोडा. पीठ भाकरीच्या पिठापेक्षा जरा घट्ट. सोडा इथं फसवतो. जास्त झाला तर शेव तेल पिते आणि तेलकट शेवेवर पाक धरत नाही, दुसऱ्या दिवशी टरफलासारखा सुटून पडतो. साचा जाड भोकांचा, करंगळीएवढी शेव पडेल असा. तळायची मंद आचेवर, मोडली की कट् वाजेपर्यंत. मग ती पूर्ण निववायची. गरम शेव पाकात टाकली तर आतली वाफ पाकाला ओलावते आणि सगळं चिकट होऊन बसतं.

आता गूळ. एवढ्या शेवेला पाऊण किलोच्या वर थोडा. नाना अर्धा साधा आणि अर्धा चिक्कीचा गूळ घेतात. नुसता चिक्कीचा घेतला तर शेव दाताला चिकटते आणि नुसता साधा घेतला तर कडकपणा येत नाही. वाटीभर पाण्यात गूळ विरघळवून आधी गाळून घेतला, कारण भेलीत उसाच्या चुयट्या आणि वाळू असतेच. मग भट्टीवर. फेस आधी मोठा आणि पांढुरका होता, तो हळूहळू बारीक आणि तांबूस होत गेला. त्यानंतर नानांनी सराट्यानं दोन थेंब पाण्याच्या वाटीत सोडले. पहिल्यांदा थेंब तळाशी पसरला. दोन मिनिटांनी त्याची मऊ गोळी झाली. आणखी मिनिटभरानं ती गोळी काढून थाळीवर टाकली तेव्हा टण् वाजली. त्याच क्षणी कढई खाली.

इथून पुढं घाई. पुतण्यानं शेव ओतली, दोघांनी दोन सराटे घेऊन तळापासून वर असं उलटंसुलटं केलं, पाऊण मिनिट असेल. पाक शेवेवर चकाकला की परातीत पसरायचं आणि बोटांना पाणी लावून गुठळ्या मोडायच्या. विस्तवावर अर्धा मिनिट जास्त राहिला असता तर गूळ कडू झाला असता. आधी उतरवला असता तर रात्रीतून शेवेला पाणी सुटलं असतं. "तरी आज हवा वाईट ए," नाना म्हणाले. शेव ताबडतोब पत्र्याच्या डब्यात गेली.

पांढऱ्या शेवेचा हिशोब उलटा आहे. साखरेचा दोनतारी पाक, आणि शेव घातल्यावर ढवळणं थांबवायचंच नाही, पाक धुरकट होऊन दाणा धरेपर्यंत. एकाच कढईतली एक शेव चकचकीत आणि दुसरी पांढरी खरखरीत, ती यामुळे. गुळात आधीपासूनच थोडी फुटलेली साखर असते, ती पाकाला दाणा धरू देत नाही. साखरेचा पाक ढवळला की दाणा धरतोच. जिथं दाणा नको असतो तिथं हलवाई लिंबू पिळतो, आणि लिंबाचा आंबटपणा तेच काम करतो जे गुळात आयतं झालेलं असतं.

पाच वाजून सात मिनिटांनी पोरं आली. पारावर दप्तरांचा ढीग.

"नाना, पाचची लाल द्या ना. चुरा घाला!"

"चुरा संपला."

"डब्यात दिसतोय की!"

चुरा म्हणजे डब्याच्या तळाशी उरलेले शेवेचे तुकडे आणि सुटलेला गूळ. तो मोजमापात धरत नाहीत, वरून मिळतो. म्हणून शेवटी येणारा शहाणा. पूर्वीचा व्यवहार पाच-दहा पैशांत चाले. पाच पैशांचं चौकोनी नाणं, दहाचं पाकळ्यांच्या काठाचं, वीसचं षट्कोनी, सगळी ॲल्युमिनियमची आणि खिशात असल्याचं जाणवू नये इतकी हलकी. चार आणे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. नानांच्या गल्ल्याच्या तळाशी अजून मूठभर आहेत. आता सगळ्यात छोटं गिऱ्हाईक पाच रुपयांचं. पुडी वर्तमानपत्राची नाही, कोऱ्या कागदाची. छापाची शाई गुळाला लागते म्हणून नानांनी ती सोडली. पुडी बांधायची पद्धत मात्र जुनीच, कागदाचा शंकू करून वरचं टोक आत खोचायचं. दोऱ्याचं काम नाही.

वस्तीवरच्या पोरांबरोबर पाटाच्या कडेनं चाललो. अंतर दोन किलोमीटर, वेळ सव्वा तास. मोठ्या माणसाला पंचवीस मिनिटं पुरतात. पण पोरांचा रस्ता सरळ नसतोच. पहिला थांबा बोरीखाली. चन्यामन्या बोरं जानेवारीतच येतात, आंबटगोड, वाटाण्याहून थोडी मोठी. दगड मारणारा एक आणि वेचणारे चार. दुसरा थांबा हरभऱ्याच्या शेताच्या बांधावर: पानांवरची आंब बोटाला लावून चाटायची, दोन डहाळे उपटायचे आणि मळ्याच्या मालकाचा आवाज आला की पळायचं. तिसरा थांबा उसाच्या ट्रॅक्टरमागं. शेव तोपर्यंत पुरवायची असते, म्हणून ती एकेक काडी खातात. आधी गूळ चोखायचा, मग बेसन चावायचं. आठवीतल्या एकीनं आपली अर्धी पुडी न उघडता दप्तरात ठेवली, घरी धाकटा भाऊ होता. आणि पाटाच्या फळीवरून जाताना एकाची पुडी पाण्यात पडली. कुणी हसलं नाही. प्रत्येकानं दोन-दोन काड्या दिल्या, त्याच्याकडे सगळ्यांपेक्षा जास्त झाली.

रात्री काकूंचा हलवा. मंद निखाऱ्यांवर परात, परातीत वाटीभर तीळ. एवढ्या तिळाला तीन-चार दिवसांत चार वाट्या साखरेचा पाक लागतो. पाक एकतारीच्या किंचित अलीकडचा, त्यात आधी चमचाभर दूध घालून वर आलेली मळी काढलेली. एकावेळी फक्त एक चमचा पाक घालायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ फिरवत राहायचे, सुटे कोरडे होईपर्यंत. मग पुढचा चमचा. आच वाढली तर पाक तिळावर बसायच्या आत त्याचा भुगा होतो, तो चाळून काढावा लागतो. पाक घट्ट असेल तर तिळांच्या जोड्या जमतात. आणि हवा दमट असेल तर तीळ पांढरे होतात, फुगतात, पण काटा येत नाही, दाण्याला टोकं फुटत नाहीत. त्या रात्री तेच झालं. दोन तास बोटं चालली आणि परातीत निघाले गुळगुळीत साबुदाणे. काकूंनी परात फडक्यानं झाकली, म्हणाल्या, "आभाळ जाऊ द्या." नव्या सुनेच्या दागिन्यांसाठी कुणाची तरी मागणी होती आणि संक्रांतीला सहा दिवस उरले होते.

गोडी शेव बरोबर न्यायची असेल तर: विकत घेताना एक काडी मोडून बघा. कट् वाजली तर हवाबंद डब्यात पंधरा दिवस सहज राहते. प्लास्टिकच्या पिशवीत चार दिवसांत घाम फुटतो. फ्रीजमध्ये ठेवूच नका.

तिसरा दिवस: लासलगावमार्गे चांदवड

सकाळची बस चुकली, चूक आमचीच, पोहे दुसऱ्यांदा मागवले. लासलगावात लाल कांद्याच्या ट्रॉल्यांची रांग बाजार समितीच्या फाटकापासून पार वळणापर्यंत. वडापवाल्यानं गल्लीबोळातून काढलं.

चांदवडला रेणुकामातेचं मंदिर आणि होळकरांचा रंगमहाल बघून उतरंडीवरच्या एका खव्याच्या भट्टीवर थांबलो. खरं तर आमच्या विषयात खवा बसत नाही. पण तो मुलांच्या पुडीत का नव्हता ते इथं कळतं. म्हशीच्या एक लिटर दुधातून दोनशे ते अडीचशे ग्रॅम खवा पडतो आणि गाईच्या दुधातून त्याहून कमी. म्हणजे किलोभर खव्याला चार-पाच लिटर दूध, वर तासाभराचं लाकूड आणि एका माणसाचा पूर्ण हात. एवढं सगळं पाच पैशांत बसणार कसं?

इथं एकावेळी पाच लिटरच दूध घेतात. कढई लोखंडी, पसरट. सुरुवातीला जाळ मोठा आणि सराटा तळाला घासून सतत फिरता. दूध रबडीसारखं झालं की जाळ ओढून घ्यायचा. इथं दोन मिनिटं हात थांबला तर तळाला लागतं आणि त्या करपट वासाचा खवा कुणी फुकट नेत नाही. कडेनं तूप सुटायला लागलं आणि गोळा कढई सोडून फिरला की उतरवायचा. पेढ्याला साखर लगेच घालत नाहीत. गरम खव्यात साखर पडली की तिला पाणी सुटतं आणि पेढा बसकण मारतो. कोमट झाल्यावर किलोला तीन-साडेतीनशे ग्रॅम पिठीसाखर.

खवा विकत घेणाऱ्यांसाठी: तळहातावर चोळा, तुपाचा ओशटपणा आणि दुधाचा वास राहिला पाहिजे. पिठूळ वाटला तर थोडा पाण्यात उकळून निववा आणि टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळा झाला तर स्टार्च मिसळलेला आहे. थंडीतही बाहेर दीड-दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका.

संध्याकाळी मालेगाव. आभाळ निवळलं होतं आणि उत्तरेचं वारं सुटलं होतं. यंत्रमागांचा खटखटाट लॉजच्या खोलीपर्यंत येत होता.

चौथा दिवस: रावळगाव

नानांच्या दुकानातल्या सात बरण्यांपैकी तीन गोळ्यांच्या होत्या. महाराष्ट्रातल्या किती गावांत या बरणीवर रावळगाव हे नाव वाचून पोरं मोठी झाली, आणि त्यातल्या कितीकांना हे खरंच एक गाव आहे हे ठाऊक नसेल! ते मालेगाव तालुक्यात आहे. वालचंद हिराचंद यांनी १९३३ मध्ये इथं साखर कारखाना काढला, आणि १९४२ पासून त्याच कंपनीच्या गोळ्या निघू लागल्या. साखर दाराशी होती, तिची गोळी करून विकली. पान पसंद, मँगो मूड ही पुढची नावं. २०२४ मध्ये हे ब्रँड आणि त्यांच्या पाककृती रिलायन्स कन्झ्युमरनं २७ कोटी रुपयांना घेतल्या. जमीन, इमारत, यंत्रं मूळ कंपनीकडेच राहिली.

कारखान्यात शिरायचा बेत नव्हता, परवानगीच काढली नव्हती. गावातून फेरी मारली, शाळेच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेतला. गोळीमागची विद्या मात्र नानांच्या कढईतलीच आहे, फक्त आच पुढची. एकतारी पाक एकशे पाच अंशांच्या आसपास होतो, कडक गोळीचा पाक एकशे पंचेचाळीस ते दीडशेपर्यंत न्यावा लागतो. तिथं पाणी शेकडा दोन-तीनच उरतं आणि थंड झाल्यावर पाक काचेसारखा होतो. दाणा धरू नये म्हणून साखरेत ग्लुकोजचा पाक असतो, म्हणजे हलवायाचं लिंबू. आंबट चवीचं सायट्रिक आम्ल सगळ्यात शेवटी, पाक उतरवून जरा निवल्यावर मिसळतात. उकळतानाच घातलं तर जास्त साखर फुटते आणि गोळी बरणीत घाम गाळत बसते. गोळी हवेतलं पाणी ओढते, म्हणून बरणीचं झाकण फिरकीचं आणि प्रत्येक गोळीला वेगळा कागद. पावसाळ्यात झाकण सैल राहिलं की सगळ्या गोळ्यांचा एक गोळा होतो. मग दुकानदार चाकूनं टवके काढून तेच विकतो, आणि पोरांना त्यात काही गैर वाटत नाही.

टपरीवर गोळ्यांची एकच बरणी होती. बाकी सगळ्या हुकांना चिप्सची पाकिटं. शाळेच्या मधल्या सुटीत अकरा पोरं आली. नऊजणांनी पाकिटं घेतली, दोघांनी गोळ्या.

मालेगावहून नाशिकला महामार्गानं अडीच-तीन तास. चांदवडच्या घाटात असताना नानांच्या पुतण्याचा फोटो आला. तीच परात, आणि परातीत खसखशीएवढ्या टोकांनी भरलेले पांढरे दाणे. खाली एवढंच लिहिलेलं: रात्री वारं फिरलं, काटा आला, काकू म्हणते अजून दोन वाट्या साखर लागेल.